'कुर्स्क' चित्रपट आणि त्यामागची खरी दुर्घटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कुर्स्क' पाहून झाला की बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात: ती चिठ्ठी खरी का, ती माणसं खरंच इतके दिवस जिवंत होती का, झाकण उघडून बाहेर का पडता आलं नाही. अशा प्रश्नांची उत्तरं इथे सोप्याकडून अवघडाकडे लावली आहेत. चित्रपट अजून पाहिला नसेल तर पहिली दोन उत्तरं वाचून थांबा, पुढे शेवट उघड होतो.

१. 'कुर्स्क' आणि 'द कमांड' हे दोन वेगळे चित्रपट आहेत का?

नाही, एकच. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो 'कुर्स्क' या नावाने पहिल्यांदा दाखवला गेला. अमेरिकेत २०१९ साली 'द कमांड' म्हणून आला आणि ब्रिटनमध्ये त्याचं नाव 'कुर्स्क: द लास्ट मिशन' असं होतं. लांबी ११७ मिनिटं. दिग्दर्शक डेन्मार्कचे थॉमस विंटरबर्ग, पटकथा रॉबर्ट रोडॅट यांची आणि आधार पत्रकार रॉबर्ट मूर यांच्या 'अ टाइम टू डाय' या पुस्तकाचा.

हॅरिसन फोर्ड असलेला रशियन पाणबुडीचा चित्रपट तो हा नव्हे. तो 'के-१९: द विडोमेकर' (२००२). त्यातला अपघात १९६१ सालचा, अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा निकामी झाल्याचा. पाणबुडी वेगळी, काळ वेगळा, कारणही वेगळं.

२. सुरुवातीला पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे, ते मुद्दाम केलेलं आहे. किनाऱ्यावरचा सुरुवातीचा भाग आखूड चौकटीत (१.६६ : १) आहे. पाणबुडी समुद्रात निघते तशी चौकट रुंद होत जाते आणि शेवटी गावात परतल्यावर पुन्हा आवळते. टीव्हीवर झूम किंवा 'स्क्रीन भरा' अशी सेटिंग चालू असेल तर हा बदल दिसणारच नाही, वर माणसांची डोकी कापली जातील. सेटिंग 'मूळ प्रमाण' किंवा 'ऑटो'वर ठेवा.

३. खरी घटना थोडक्यात काय होती?

के-१४१ कुर्स्क ही रशियाच्या नॉर्दर्न फ्लीटची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी. लांबी १५४ मीटर, दुहेरी कवच, २४ क्षेपणास्त्रं. १९९४ साली नौदलात दाखल झाली. तळ विद्यायेवो, कप्तान गेन्नादी ल्याचिन.

१२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात युद्धसराव चालू होता. सकाळी ११ वाजून २८ मिनिटांनी पुढच्या टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचं अस्त्र) कप्प्यात स्फोट झाला आणि १३५ सेकंदांनी त्याहून कितीतरी मोठा दुसरा. पाणबुडी १०८ मीटर खोल तळाशी जाऊन बसली. आत ११८ जण होते, एकही वाचला नाही. स्फोटांनंतर २३ जण मागच्या नवव्या कप्प्यात जिवंत होते. चित्रपट मुख्यतः त्यांचाच आहे.

४. पहिला स्फोट नेमका कशामुळे झाला?

सरावासाठी नेलेल्या ६५-७६ जातीच्या टॉर्पेडोतून हायड्रोजन पेरॉक्साइड गळल्यामुळे. सरकारी चौकशीचा २००२ सालचा निष्कर्ष हाच आहे.

हा टॉर्पेडो ६५० मिलिमीटर जाड आणि सुमारे ११ मीटर लांब. पाण्याखाली इंधन जाळायला हवा नसते, म्हणून ऑक्सिजन बरोबर न्यावा लागतो. इथे तो मिळतो अतितीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडमधून आणि जळतं रॉकेल. घरातल्या प्रथमोपचाराच्या बाटलीत हेच रसायन ३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून नाव ऐकून भीती वाटत नाही. टॉर्पेडोतलं मात्र इतकं तीव्र असतं की गंज, तांबं, चांदी किंवा नुसती घाण लागली तरी त्याची वाफ आणि ऑक्सिजन होऊ लागतो. उष्णता वाढते, उष्णतेने विघटन आणखी वेगाने होतं आणि बंद नळीत आकारमान हजारो पटींनी फुगतं. सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटक नव्हतं, पण त्याची गरजच पडली नाही.

हा धोका नवा नव्हता. १९५५ मध्ये ब्रिटनच्या पोर्टलंड बंदरात एचएमएस सिडॉन या पाणबुडीवर अशाच टॉर्पेडोचा स्फोट होऊन १३ जण गेले, आणि ब्रिटिश नौदलाने हे रसायन टॉर्पेडोत वापरणं सोडून दिलं. रशियाने सोडलं नाही, कारण पल्ला लांब मिळतो आणि खर्च कमी येतो. ४५ वर्षांपूर्वी मिळालेला धडा कुर्स्कच्या खलाशांच्या उपयोगी पडला नाही, याचं फार वाईट वाटतं.

टॉर्पेडोचं तापमान चढतंय, लवकर डागू द्या, अशी परवानगी चित्रपटात मागितली जाते. त्या कप्प्यातून कुणीच वाचलं नाही, त्यामुळे ते संवाद लेखकाने रचलेले आहेत.

५. दुसरा स्फोट कशाचा? आणि पाणबुडीत अणुभट्टी असून किरणोत्सर्ग कसा झाला नाही?

पहिल्या स्फोटाने टॉर्पेडो कप्प्यात भडका उडाला. शेजारीच खरे, युद्धासाठी तयार टॉर्पेडो रचलेले होते. सव्वादोन मिनिटांच्या उष्णतेत त्यांतली स्फोटकं एकदम उडाली, काही टन टीएनटीच्या ताकदीने. युरोपभरच्या भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली आणि नॉर्वेच्या नॉर्सार केंद्रातल्या आलेखांवरूनच दोन्ही स्फोटांच्या वेळा सेकंदांपर्यंत कळतात. नियंत्रणकक्ष दुसऱ्या कप्प्यात होता, म्हणजे कप्तान आणि बहुतेक अधिकारी तेव्हाच गेले.

स्फोटाची लाट मागे सरकत अणुभट्टीच्या कप्प्याशी थांबली. तिथली भिंत मुद्दाम जाड बांधलेली असते. दोन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या आणि पुढच्या तपासण्यांत गळती आढळली नाही. भिंतीमागे, सहाव्या ते नवव्या कप्प्यांत असलेले लोक याच भिंतीमुळे जिवंत राहिले.

६. मिखाइल आवेरिन हा खरा माणूस होता का? चिठ्ठी खरी आहे का?

आवेरिन (मथियास शूनार्ट्स) हे चित्रपटाच्या नायकाचं पात्र कल्पित आहे. त्यामागे उभे आहेत कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव, वय २७, सातव्या कप्प्याचे प्रमुख. कोलेस्निकोव यांचं लग्न होऊन काही महिनेच झाले होते. चित्रपटातला मुलगा आणि गरोदर पत्नी (लेया सेदू) हा कथेचा भाग आहे.

चिठ्ठी मात्र पूर्णपणे खरी. ऑक्टोबर २००० मध्ये डायव्हरांनी नवव्या कप्प्यात शिरून पहिले १२ मृतदेह वर आणले, त्यांत कोलेस्निकोव यांच्या खिशात ती सापडली. दुपारी १ वाजून १५ मिनिटांची नोंद कार्यालयीन आहे: सहा, सात आणि आठ क्रमांकाच्या कप्प्यांतले सगळे नवव्यात आले आहेत, आम्ही २३ जण आहोत, कुणालाही वर जाता येत नाही. मग माणसांची यादी, नावापुढे खूण करत घेतलेली हजेरी. ३ वाजून १५ मिनिटांची नोंद वेगळी आहे. अक्षर वेडंवाकडं, कारण दिवे गेले आहेत आणि ते चाचपडत लिहीत आहेत. वाचण्याची शक्यता १० ते २० टक्के वाटते असं त्यांनी लिहिलं आहे. शेवटी सगळ्यांना नमस्कार, आणि निराश होऊ नका, एवढंच.

अंधारात, चढत्या पाण्यात बसलेला माणूस आधी हजेरी घेतो. दिग्दर्शकाने हा स्वभाव अचूक पकडला आहे. आवेरिनची माणसांना सतत काही ना काही काम देत राहण्याची सवय तिथूनच आली आहे.

७. ते खरंच इतके दिवस जिवंत होते का?

चित्रपटात ते दिवसचे दिवस तग धरतात, दर तासाला कवचावर ठोके देतात आणि बचावपथक वर येऊन पोहोचलेलं असताना मरतात. प्रत्यक्षात कोलेस्निकोव यांची शेवटची वेळ टाकलेली नोंद स्फोटानंतर पावणेचार तासांची आहे. सरकारी चौकशीने सगळे साधारण ८ तासांत गेल्याचं म्हटलं. ठोके ऐकू आल्याचं सुरुवातीला नौदलानेच सांगितलं होतं, पुढे ते कुर्स्कमधले नव्हते असा खुलासा झाला. सरकारी आकडा सरकारच्या सोयीचा आहे, कारण आठ तासांतच सगळे गेले असतील तर नंतरच्या दिरंगाईने कुणाचा जीव गेला असं म्हणता येत नाही. म्हणून अनेक कुटुंबांनी आणि वकिलांनी तो मान्य केला नाही.

चित्रपटाने केलेला सगळ्यात मोठा बदल हाच, घड्याळ ताणण्याचा. त्यामुळे कथा 'मदत वेळेवर घेतली असती तर वाचले असते' अशी सरळ होते. खरा आरोप याहून जड आहे: आत कुणी जिवंत आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तरीही घाई झाली नाही. स्फोट सकाळी साडेअकराचा. पाणबुडी संकटात असल्याचं जाहीर झालं रात्री साडेअकराला. ती समुद्रतळावर सापडली दुसऱ्या दिवशी पहाटे. लोकांना कळलं १४ ऑगस्टला. कुर्स्कचा आणीबाणीचा बोया (जागा दाखवणारी तरंगती खूण) आपोआप सुटून वर यायला हवा होता, तोही आला नाही. आठ तासांचा आकडा खरा धरला तरी बाहेर अधिकृत हालचाल सुरू होण्याआधीच आतलं सगळं संपलेलं होतं.

८. ऑक्सिजनची कार्ट्रिज पाण्यात पडल्यावर आग का लागते? ऑक्सिजन तर जीव वाचवतो.

या कार्ट्रिजमध्ये पोटॅशियम सुपरऑक्साइडसारखं रसायन लावलेल्या चकत्या असतात. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून त्या ऑक्सिजन सोडतात, म्हणजे दोन कामं एकदम होतात. हे हळूहळू, ओलसर हवेच्या संपर्कात व्हायला हवं. चकती थेट पाण्यात पडली की तीच प्रक्रिया क्षणात, प्रचंड उष्णतेसह होते. पाण्यावर तेल तरंगत असेल तर शुद्ध ऑक्सिजन, उष्णता आणि इंधन एका जागी येतात आणि भडका उडतो.

नवव्या कप्प्यात तेच झालं: तेलकट पाणी चढत होतं, अंधार होता, हात गारठलेले आणि निसरडे. आगीने उरलासुरला ऑक्सिजन खाल्ला आणि कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. बहुतेकांचा मृत्यू भाजून नव्हे, त्या वायूने झाला. चित्रपटातला हा क्षण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. त्याआधी दोघं बुडालेल्या भागातून श्वास रोखून कार्ट्रिज आणतात तो लांबलचक अखंड प्रसंग कल्पित आहे. पण सुरुवातीला बाथटबमध्ये श्वास रोखणारा मुलगा आठवला की त्या प्रसंगाची जागा कळते.

९. वर जायचा हॅच (बाहेर पडायचं झाकण) होता, मग एकेक जण पोहत वर का आले नाहीत?

नवव्या कप्प्यात सुटकेची नळी होती. पद्धत अशी: पोशाख घालून नळीत शिरायचं, खालचं झाकण बंद करायचं, बाहेरच्या समुद्राइतका दाब होईपर्यंत नळीत पाणी घ्यायचं, मग वरचं झाकण उघडून सुटायचं. १०८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळपास १२ पट असतो, म्हणून पाणी भरण्याचा टप्पा जितका कमी वेळाचा तितका बरा.

अडचणी एकावर एक होत्या. पाणी शिरत असल्याने कप्प्यातला दाब वाढत होता आणि माणसं तासन्‌तास त्या दाबाखाली होती. अशा शरीराच्या रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, झटकन वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. त्यावर उपाय म्हणजे वर दाबकक्ष (दाब हळूहळू कमी करणारी खोली) असलेलं जहाज. तसं कुणी वर आहे की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. समुद्र बर्फाळ, काही जण जखमी. मदतीची वाट पाहणं हा त्या परिस्थितीत शहाणपणाचाच निर्णय होता, त्याला भित्रेपणा म्हणू नये. मदतीला आलेल्या नॉर्वेच्या डायव्हरांनी नंतर झाकण उघडलं तेव्हा नळीत पाणी होतं, माणूस नव्हता.

१०. रशियाची बचाव-पाणबुडी पुन्हा पुन्हा हॅचवर बसूनही का चिकटत नव्हती?

'प्रिझ'सारखी छोटी पाणबुडी हॅचभोवतीच्या सपाट कड्यावर आपला घेर टेकवते, मधलं पाणी बाहेर काढते आणि समुद्राच्या दाबानेच ती घट्ट बसते. कडं किंवा रबरी सील थोडंही खराब असेल, घेर थोडासा तिरका टेकला, तर पाणी आत येत राहतं आणि दाबात फरकच तयार होत नाही. त्यात बॅटऱ्या जुन्या. प्रत्येक प्रयत्न थोड्या वेळाचा, मग वर येऊन तासन्‌तास चार्जिंग. मुख्य जहाज 'मिखाइल रुदनित्स्की' खराब हवामानात एका जागी स्थिर राहू शकत नव्हतं. चित्रपटात सील आणि बॅटरीची ही तगमग नीट दाखवली आहे.

जोरदार प्रवाह, शून्य दृश्यमानता, पाणबुडी फार कललेली, हॅच खराब झालेला, अशी कारणं त्या वेळी दिली गेली. नॉर्वेचे डायव्हर खाली गेले तेव्हा चित्र बरंच वेगळं होतं, आणि आपल्याला चुकीची माहिती दिली जात असल्याची तक्रार नॉर्वेचे ॲडमिरल आयनार स्कोर्गेन यांनी उघडपणे केली.

११. ब्रिटिशांनी प्रत्यक्षात काय केलं?

कॉलिन फर्थ यांनी रंगवलेले कमोडोर डेव्हिड रसेल खरे आहेत, ब्रिटिश पथकाचे प्रमुख तेच होते. मदत लगेच देऊ केली गेली, रशियाने ती १६ ऑगस्टला स्वीकारली. ब्रिटनची एलआर-५ ही बचाव-पाणबुडी घेऊन 'नॉर्मंड पायोनियर' १९ तारखेला पोहोचलं, नॉर्वेच्या डायव्हरांचं जहाज 'सीवे ईगल' त्यानंतर. २१ ऑगस्टला हॅच नॉर्वेच्या डायव्हरांनी उघडला आणि नववा कप्पा पाण्याने भरलेला निघाला. एलआर-५ वापरण्याची वेळच आली नाही. चित्रपटात ब्रिटिशांना मिळालेली जागा त्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या मानाने मोठी आहे, नॉर्वेच्या वाट्याला कमी आली.

१२. ॲडमिरल पेट्रेन्को कोण? आणि पुतिन कुठेच का दिसत नाहीत?

मॅक्स फॉन सिडो यांनी केलेला पेट्रेन्को कल्पित आहे. त्या काळातल्या अधिकृत भूमिकेला दिलेला तो एक चेहरा आहे. नॉर्दर्न फ्लीटचे खरे प्रमुख ॲडमिरल व्याचेस्लाव पोपोव होते.

पुतिन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सोचीत सुट्टीवर होते, मॉस्कोला १९ ऑगस्टच्या सुमारास परतले आणि २२ ऑगस्टला विद्यायेवोत कुटुंबांना भेटले. पुढे अमेरिकन टीव्हीवर पाणबुडीचं काय झालं या प्रश्नाला त्यांनी 'ती बुडाली' एवढंच उत्तर दिलं, ते आजही लोकांच्या लक्षात आहे. हे सगळं वगळल्यामुळे दोष वयस्कर ॲडमिरलांवर येऊन थांबतो. चित्रपटातली ही खरी उणीव आहे.

१३. सभेत आक्रोश करणाऱ्या आईला इंजेक्शन देतात ते दृश्य अतिशयोक्त आहे का?

नाही. विद्यायेवोतल्या बैठकीत उपपंतप्रधान इल्या क्लेबानोव यांच्यावर ओरडणाऱ्या एका आईला मागून इंजेक्शन देऊन बाहेर नेण्यात आलं आणि ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं. जगभर दाखवलं गेलेलं ते चित्रण आजही पाहवत नाही.

१४. अमेरिकन पाणबुडीने धडक दिली होती असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरं काय?

सराव पाहायला अमेरिकी पाणबुड्या त्या भागात होत्या, एवढं खरं. धडकेची शंका सुरुवातीला रशियन अधिकाऱ्यांनीच बोलून दाखवली आणि पोपोव यांनी २०२१ मध्येही तिचा पुनरुच्चार केला. पण पाणबुडी वर काढून झालेल्या तपासात रशियाच्याच सरकारी वकिलांनी टॉर्पेडोचं कारण दिलं (प्रश्न ४ पाहा). चित्रपट त्याच निष्कर्षावर उभा आहे, आणि तो योग्य आहे.

१५. लग्नासाठी घड्याळं विकावी लागणं, पगार न मिळणं: परिस्थिती इतकी वाईट होती?

घड्याळाचा प्रसंग रचलेला, परिस्थिती खरी. नव्वदच्या दशकात नॉर्दर्न फ्लीटमध्ये पगार महिनोन्‌महिने थकत, जहाजं बंदरात गंजत. प्रश्न १० मधल्या जुन्या बॅटऱ्या त्याच गरिबीतून आल्या.

१६. जाणकारांना खटकतील अशा आणखी कोणत्या गोष्टी आहेत?

सगळे रशियन इंग्रजीत बोलतात, ही सगळ्यात ठळक. दुसरी, नववा कप्पा पडद्यावर ऐसपैस आहे. प्रत्यक्षात शेपटाकडचा तो निमुळता भाग यंत्रांनी भरलेला असतो आणि २३ जण एकमेकांना न भिडता बसणं अवघड. तिसरी, प्रकाश: तिथे खरं तर काळोख होता, पण काळोखाचा चित्रपट काढता येत नाही. शेवटच्या दोन गोष्टी समजून घेता येतात. भाषेची सवय व्हायला अर्धा तास लागतो.

१७. मुलांबरोबर पाहता येईल का?

अमेरिकेत त्याला 'पीजी-१३' दर्जा आहे, म्हणजे १३ वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी जपून ठरवावं. रक्तपात कमी आहे, गुदमरणं खूप आहे. वडील गमावलेल्या मुलांवर शेवट येतो. आवेरिनचा लहानगा मुलगा मिशा ॲडमिरलने पुढे केलेला हात धरत नाही, ते दृश्य मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतं.

१८. कुर्स्क पाणबुडीचं पुढे काय झालं?

डच कंपन्यांनी ऑक्टोबर २००१ मध्ये ती वर काढली. टॉर्पेडो कप्प्यात न फुटलेली स्फोटकं असण्याची भीती होती, म्हणून नाकाचा भाग पाण्याखालीच करवतीसारख्या केबलने कापून वेगळा केला. कवचाला भोकं पाडून २६ ठिकाणी केबलचे जुडगे अडकवले आणि 'जायंट ४' या बार्जने ती उचलून पोटाशी धरून रोस्ल्याकोवोच्या गोदीत नेली. तिथे बाकीचे मृतदेह काढले. ११८ पैकी ११५ जणांचे मृतदेह घरी परतले. कोलेस्निकोव यांचं दफन सेंट पीटर्सबर्गच्या सेराफिमोव्स्कोये दफनभूमीत झालं आहे. पाणबुडी भंगारात गेली, तिच्या मनोऱ्याचा एक तुकडा २००९ पासून मुर्मान्स्कमध्ये एका चर्चशेजारी स्मारक म्हणून उभा आहे.